सुंदरम्माची बैठी चूल

“उभं राहून भाकरी थापायची म्हंजे काय खेळ हाय व्हय?”

“अगं, ओटा झाला की कंबर मोडणार नाही तुझी. चिमणीतनं धूर वर जाईल.”

“माजी कंबर मी बगून घेते. चुलीला हात लावू नका.”

भवानी पेठेतल्या त्या दोन खोल्यांत सकाळपासून हेच चाललं होतं. कल्लप्पामास्तरांनी हेडमास्तरांच्या घरी शहाबादी फरशीचा ओटा पाहिला होता. गुळगुळीत, खिडकीशी, वर चिमणी. तसाच आपल्याकडे हवा म्हणून ते हटून बसले. त्यात हौस होती, तशी भीतीही. त्यांच्या आईचे डोळे चुलीच्या धुरानं गेले होते.

त्यांची बायको सुंदरम्मा अक्कलकोटकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिचं मराठी निम्मं कानडी. शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. मग एका लग्नघरासाठी तिनं कडक भाकऱ्या केल्या. पापडासारख्या पातळ, आणि वाळल्या तरी एकीला तडा नाही. तेव्हापासून पेठेत लग्न निघालं की बायका भाकरी थापायची आपापली लाकडी काटवट काखोटीला मारून तिच्याच चुलीभोवती बसायच्या. थापता थापता भांडायच्या, गाणी म्हणायच्या. मास्तर तेव्हा शाळेत असत.

धुळाप्पा गवंडी आदल्या दिवशी ओट्याच्या विटा रचून गेला होता, त्याही मास्तरांच्या उंचीनं. सुंदरम्मानं वर काटवट ठेवली. ती तिच्या छातीशी आली. तळव्यात जोर येईना. मग तिनं मास्तरांनाच थापायला सांगितलं. त्यांनी बाह्या सारल्या, आणि भाकरी मधोमध फाटली.

“उंची चुकली,” मास्तर म्हणाले. “थोडा उतरवू.”

“उंचीचं न्हाय हो. ओट्याशी एकटी बाई मावती. बजाबाई, मायाक्का कुटं बसतील? ह्या गावात माजं कोण हाय? चुलीभोवती बसत्यात तेवढ्याच की.”

मास्तरांनी फाटलेली भाकरी काटवटीत परत गोळा केली. मग तिनंच तोड काढली. ओटा राहू दे, त्यावर स्टोव्ह ठेवू, भाजी ती उभ्यानं चिरेल, फरशी रोज पुसेल.

“उंची बी ऱ्हाऊ द्या. सकाळचा च्या तुमीच करा. पर चूल खालीच, अन् चिमणी तिच्यावर. जमंल?”

मास्तर चुलीपाशी मांडी घालून बसले. त्यांनी वर छताकडं पाहिलं, बोटानं हवेत धुराची वाट काढली. मग उठले, टोपी घातली आणि धुळाप्पाच्या घराकडं चालू लागले.