माडीवरचा अल्सेशियन

वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात होते. ते गेल्यावर वसाहतीतली खोली सोडावी लागली. आई, मी आणि वडिलांचा अल्सेशियन मखमलाबादच्या रस्त्यावर, फुलांची शेती करणाऱ्या एका कुटुंबाच्या माडीवर भाड्याने राहायला आलो.

आई कुणाशी बोलत नसे. माझ्याशीही कामापुरतंच. कुत्र्याला मात्र आमटीत मीठ जास्त झालं का, हेसुद्धा विचारायची.

मालकीणबाई अंगणात बाजारासाठी झेंडूचे ढीग लावत. एकदा कुत्रा ढिगापाशी हुंगत थांबला आणि त्या भडकल्या. "ताई, देवाची फुलं हायेत ही! आन् हे वाघासारखं जनावर. गल्लीतली कुत्री पळाली, उद्या माणसं पळतील. महिनाअखेरीला याला कुठं तरी पोचवा, नाय तर दुसरी खोली बघा."

आई त्या दिवशी जेवली नाही. वडिलांच्या युनियनची पत्रकं वाचत मी वाढले होते. लगेच कागद ओढला. 'भाडेकरू बंधुभगिनींनो!'

आईने वाकून पाहिलं. "इथे भाडेकरू आपणच."

तेवढ्यात चंपाषष्ठी आली. मालकीणबाईंचं कुलदैवत खंडोबा. भरीत-रोडग्याचा नैवेद्य आधी कुत्र्याने खायचा, मग घरच्यांनी. त्या ताट घेऊन "यू, यू" करत गल्लीभर फिरल्या. एक कुत्रं दिसेना. आमच्या कुत्र्याने सगळी केव्हाच हुसकावली होती.

त्यांचे सासरे ओट्यावर उपाशी बसले होते. "अगं, माडीवर हाय की एक! का त्याला खंडोबा चालत नाय?"

मालकीणबाईंनी खालूनच हाक मारली. आई कुत्र्याला घेऊन उतरली. तो ताटाकडे बघेना. आईच्या तोंडाकडे बघत राहिला. आईने रोडगा मोडून भरतात बुडवला, पुढे धरला. "खा रे राजा." त्याने ताट चाटूनपुसून साफ केलं.

"झालं," मालकीणबाई म्हणाल्या. "आता याला हाकलून देवाला काय तोंड दाखवू? फक्त फुलांपास्नं लांब बांधा. आन् ताई, तुम्ही बसा जेवायला."

मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. माणसाने कुणाच्या सोबतीने जगावं, हे देवाच्या कृपेवर का ठरावं? तावातावाने मी अर्धवट पत्रक पुरं करायला वर गेले.

खाली आई पंगतीत बसली होती. मालकीणबाईंना सांगत होती, "भरीत थोडं तिखट झालं हं त्याला."