दोर मेव्हण्याच्या हाती

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान जव्हार संस्थानच्या दवाखान्यात डॉक्टर. भावोजींना दोन वेडं. एक, उघडे कडे चढायचं. आपल्या लोकांत हौसेखातर हा उद्योग करणारा दुसरा माणूस तेव्हा मला ठाऊक नव्हता. दुसरं, फ्रीमेसन लॉजचं. तिथले ते प्रमुख. तिथे सगळे एकमेकांना 'बंधू' म्हणत. लोक मात्र त्याला जादूघर म्हणत. मलाही बोलावून झालं, मी गेलो नाही. मी शाळामास्तर, मुलखाचा भित्रा. दारं लावून चालणारं काही मला मानवत नाही.

मोखाड्याकडचा एक कडा तोवर कुणी चढलं नव्हतं. भावोजी खालून चढणार होते, आणि वरून दोर धरायचा मान लॉजमधल्या एका धिप्पाड वकिलाला होता. ताई हट्टानं आली, म्हणून मीही. वाट दाखवायला पाड्यावरचा एक म्हातारा होता, दोरानं कड्यावर उतरून मध काढणारा. भावोजी वकिलाला 'बंधू' म्हणालेले ऐकलं आणि त्यानं वकिलाच्या हातातला दोर सरळ काढून घेतला.

"भाऊस नको," तो म्हणाला. "भावाला वाटणी मिळते. बायकोचा भाऊस पायजे. बहीण रांडाव झालेली त्याला चालत नाय."

मधाला जाताना त्यांची हीच रीत. मंडळी हसली. ताई हसली नाही.

"तूच धर," ती मला म्हणाली.

कड्याच्या माथ्यावर ऐनाच्या बुंध्याला दोराचा एक वेढा, उरलेला माझ्या हातात. खाली भावोजी दिसत नव्हते. दोर सैल पडला की ओढून घ्यायचा, एवढीच त्यांची खबर. मग दगड गडगडले आणि असा हिसका बसला की मी बुंध्यावर आपटलो. तळहात सोलून निघाले. ताई मागे बसून माझं उपरणं घट्ट धरून होती. रडली नाही, काही नाही. मला तिचाच राग आला. कशाला आणलंस मला इथे? दोर सुटला तर जन्मभर तुझ्या कपाळाकडे कुठल्या तोंडानं बघू?

दोर किती वेळ ताणलेला होता, देव जाणे. एकाएकी सैल झाला, तेव्हा तर धीरच सुटला. ओढून बघायची छाती होईना. ताईनंच पुढे होऊन ओढला. खालून उलट ओढ आली.

भावोजी वर आले ते गुडघे फुटलेले आणि चेहरा खुललेला. माझे हात पाहून त्यांनी मला मिठी मारली.

"आजपासून हा आपला बंधू," ते मंडळींना म्हणाले.

"बंधू नको," मी म्हणालो. "मेव्हणाच बरा. बंधू असतो, तर मघाशीच दोर सोडला असता."