तिन्हीसांजेची इस्त्री

मॅट्रिकच्या वर्षी माझं सगळं नशीब एका बल्बला टांगलेलं होतं. आधीच्या वर्षी मी गणितात आपटले होते. वडील शाळामास्तर, त्यांनी सरळ सांगितलं, या खेपेला नापास झालीस तर पुस्तकं बंद आणि स्थळं सुरू. दिवसभर शाळा आणि चूल, जेवणं झाली की घरात दिवा मालवायचा. अभ्यासाला उरायचा तो दिवेलागणीनंतरचा दीड तास, आणि नेमका तेव्हाच बल्ब लाल व्हायचा. तिनाचा आठ दिसायचा. संतापाने रडू यायचं.

अकोल्याच्या जठारपेठेतली आमची गल्ली वकिलांची. वीज नवी, आणि बहुतेक घरांत विजेची इस्त्री आलेली. कोर्टातून आलेला काळा कोट अंगावरून उतरला की तडक इस्त्रीखाली. एकदा मी तारवाल्याला गाठलं. खांबावरून उतरत तो म्हणाला, "सारे एकाच वक्ती इस्त्र्या लावून राहिले, बाई. गल्लीची तार बारीक. दिवा लाल नाई होनार तं काय होईन?"

मी समोरच्या वकिलीणबाईंकडे गेले. म्हटलं, काकू, कोट सकाळी करा ना, कोर्ट तर अकराला असतं.

"अन् सकाळपर्यंत करंट संपला तं? पायत नाई का, संध्याकाळीच कसा पातळ होते!"

गल्लीभर हाच समज. वीज टाकीतल्या पाण्यासारखी संपते, तेव्हा आपण आधी ओढून घ्यावी. दिवे मंदावले की बाया आणखी घाईने इस्त्र्या लावत आणि दिवे आणखी मंदावत. मी कागदावर आकृती काढून समजावलं. काकूंनी त्याच कागदावर मला चिवडा दिला.

मग माझंही डोकं फिरलं. संक्रांतीचं हळदीकुंकू त्यांच्याच ओसरीवर होतं. मी तिळगूळ वाटता वाटता साळसूदपणे विचारलं, "तिन्हीसांजेला केर काढत नाहीत, मग इस्त्री कशी चालते हो? लक्ष्मी दारात यायची वेळ, आणि घरात तापलेलं लोखंड?"

एक बाई मान डोलावत म्हणाली, "आमच्या चांदूर बाजारलेबी असंच मानतात." तिच्या माहेरी तेव्हा विजेचा खांबसुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दिवे लागले आणि माझा बल्ब पांढराशुभ्र! मी खोलीत एकटीच नाचले. कोट सकाळी होऊ लागले, आणि उन्हाळ्यात निकाल लागला तेव्हा वडील स्वतः पेढे घेऊन गल्लीत फिरले.

पुढे मी मास्तरीण झाले. पहिल्या पगारातून स्वतःची इस्त्री आणली आणि हौसेने लगेच लावली. संध्याकाळ होत आली होती. समोरच्या खिडकीतून काकू कडाडल्या, "अवं मास्तरीण, एवढी शिकली अन् तिनसांजेले इस्त्री कावून करून राहिली? लक्ष्मी येते ना या वक्ती!"

"आली, काकू," मी म्हणाले आणि बटण बंद केलं.