शिलाई मशीनचं चाक

त्या परीक्षकाचा मला अजून राग येतो, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

नानाखेड्याजवळच्या शाळेत मी बारावीला फिजिक्स शिकवते. इंडक्टर म्हणजे काय, हे व्याख्या घोकून आजवर कुणाला कळलंय? म्हणून दरवर्षी मी शिवणवर्गातलं पायमशीन प्रयोगशाळेत ओढत आणते आणि एकेकाला पाय मारायला बसवते. खालचं जड चाक आधी हलता हलत नाही, आणि एकदा फिरू लागलं की पाय काढला तरी थांबत नाही. तारेचं वेटोळं, म्हणजेच इंडक्टर, करंटशी अगदी हेच करतं. कपॅसिटरसाठी स्प्रिंग आणते: दाबलेलं साठवते, सोडली की परत देते. स्टाफरूममध्ये हसतात, "मैडम, आज क्या सिल रही हैं?" हसोत बापडे.

गेल्या वर्षी वर्गात भैरवगढची एक मुलगी होती. घरी कापडावर ठप्प्यांची छपाई. वडिलांनी बजावलं होतं, फिजिक्समध्ये साठाच्या वर नंबर आले तरच इंजिनिअरिंग, नाहीतर घरच्या कामाला लाग. लेखी परीक्षेत ती बेताचीच, त्यामुळे सगळी भिस्त प्रॅक्टिकलवर.

परीक्षक बाहेरगावचे, आणि शाळेतर्फे त्यांच्या शेजारी परीक्षक म्हणून मी. आमच्याकडे रीतच पडून गेली आहे, बाहेरून कुणी साहेब आले की आधी पोहे-जिलेबी आणि दुपारी महाकालचं दर्शन. दर्शनाला न्यायचं काम त्या वर्षी माझ्या गळ्यात होतं. साहेबांचं अर्धं लक्ष घड्याळाकडे.

त्यांनी त्या मुलीला विचारलं, "इंडक्टर क्या होता है?"

"सर, सिलाई मशीन का भारी चक्का. करंट को न झट से चलने देता है, न झट से रुकने देता है."

साहेब खो खो हसले. "यहाँ सिलाई सेंटर खुला है क्या?" आणि तीसपैकी अकरा. तिच्या मागच्या मुलाने व्याख्या एका दमात म्हणून दाखवली, त्याला अठ्ठावीस. टेबलावरची कॉइल दाखव म्हटलं असतं, तर त्या पठ्ठ्याने रेझिस्टन्स बॉक्स उचलला असता!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बोलायला तोंड उघडलं, तोच साहेब म्हणाले, "मैडम, दर्शन में देर तो नहीं होगी?"

"नहीं सर," मी म्हटलं. पाहुण्याशी वाद कसा घालायचा, म्हणे! नंबरांच्या कागदावर त्यांच्या सहीखाली मी माझी सही केली. मग त्यांना दर्शन घडवलं, लाडवांचा डबा हातात दिला आणि स्टेशनवर सोडून आले.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी.

"मैडम, चक्के वाली बात ग़लत थी?"

"नहीं बेटा, बिलकुल सही थी."



"आप तो वहीं बैठी थीं," ती म्हणाली.