देव्हाऱ्यातला राऊटर

माझी सून विजयश्री मराठी, कानडी, उर्दू अशी बोलती की समोरच्याला वाटतं, ही आपल्याच गल्लीतली. त्या बोलण्यावरच पुण्याच्या एका कंपनीनं तिला घरबसल्या फोन घ्यायचं काम देऊ केलं. पण चाचणीत दोनदा नेटची लाईन तुटली. तिसऱ्यांदा तुटली तर काम गेलं, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. पोरीचं जेवण उडालं अन् माझी झोप.

दोघी राऊटर आणायला आळंदच्या बाजारात गेलो. दुकानदार म्हणला, "अक्का, ह्यो सहा दांड्यांचा राऊटर घ्या, अख्ख्या खजुरी गावाला पुरंल." मला तोच आवडला, दिसायला भारी. पण ही कुठं ऐकती! "अण्णा, दांड्या ऱ्हाऊ द्या. करंट गेल्यावर किती वेळ चालंल? बिघडला तर इथंच बदलून द्याल का?" शेवटी दोन दांड्यांचा, तीन वर्षांच्या गॅरंटीचा घेतला, संगं छोटी बॅटरी. मला वाटलं, एवढीशी डबी काय चालणार? निघताना दुकानदार म्हणला, "उंच, चांगल्या जागी ठिवा. पत्र्याआड नगा ठिवू."

देव्हाऱ्यापेक्षा चांगली जागा घरात कोणती? भिंतीतला, उंच, दिव्याचा प्लग बी तिथंच. हळदीकुंकू लावून मीच ठिवला. देव्हाऱ्याला दार पत्र्याचं, म्हणून ते उघडंच ठिवायचं ठरलं. चार दिवस बेस चाललं.

पुढली चाचणी नेमकी येळवशीला, शेतातल्या पूजंच्या अमावशेला, दुपारी बाराला. त्या दिवशी अख्खं गाव शेतात असतंय. त्यात सकाळीच विजयश्री बाजूला बसली. म्हणजे शेतातल्या पूजंला यायचं न्हाई, देव्हाऱ्याला शिवायचं न्हाई. मी म्हणलं, बरंच झालं, घरी निवांत बोलंल.

शेतात कडब्याच्या कोपीपुढं पूजा झाली, मी आंबील वाढायले होते, अन् एकदम आठवलं. निघताना मांजर शिरंल म्हणून मी देव्हाऱ्याचं दार लावलं होतं! दरसालची सवय मेली. आता ती उघडणार कशी? फोन लावला, तर चाचणीपायी तिनं बंद ठिवलेला. बाराला वीस मिनिटं ऱ्हायली होती.

"मी घरी चालले," म्हणलं.

आमचे मालक म्हणले, "कामून? जेवून जा की."

"आग लागू द्या त्या जेवणाला!"

ज्वारीतून पळत सुटले. साठीच्या बाईनं किती पळावं? पायात गोळे आले. डोळ्यापुढं एकच, पोरगी बंद दाराकडं बघत उंबऱ्यावर बसली हाय.

घरात शिरले, तर देव्हाऱ्याचं दार सताड उघडं. आत राऊटरचा हिरवा दिवा. विजयश्री कानाला हेडफोन लावून कुणाला तरी कानडीत समजावायली होती. मला बघून तिनं एकदा त्या उघड्या दाराकडं बघितलं, पण बोलत ऱ्हायली. माझी धाप ऐकू जाऊ नये म्हणून मी तोंडात पदर कोंबून खाली बसले.

अर्ध्या तासानं तिनं हेडफोन काढला.

"लाईन तुटली न्हाई, आत्या. सोमवारपासून काम सुरू." अन् रडायलाच लागली. "मी देव्हाऱ्याला हात लावला."

चाळीस वर्षं मी बी ते दिवस कोपऱ्यात काढले. कामून, म्हणून कधी इचारलं न्हाई. माझाच मला लई राग आला.

"दार मी लावलं होतं," म्हणलं अन् तिचा हात धरला. "ऊठ. शेतात चल."

"आत्या, लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. तुझं ताट मी वाढणार हाय."