बोटीवरून आलेली पिशवी

बंद पिशवीत काहीतरी लपवलेलं असतंच, या गोष्टीवर माझ्या मामेसासऱ्यांची जेवढी श्रद्धा होती, तेवढी अख्ख्या रत्नागिरीत कोणाची देवावरसुद्धा नसेल. उभी हयात त्यांनी बंदरावरच्या जकात नाक्यात काढली. गलबतातून उतरलेल्या पोत्यात लोखंडी सळई खुपसायची, बाहेर काढून हुंगायची आणि पोत्याच्या मालकाकडे नुसतं बघत राहायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर खात्याने सळई परत घेतली, बघणं मात्र मामांकडेच राहिलं. पंगतीत लाडू वाढला की आधी तो फोडून त्याचं अंतरंग तपासणार. दूधवाला समोरून आला तर तो मागच्या दाराने का आला नाही, याचा विचार करणार. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा मुलीआधी मामांनीच मला प्रश्न विचारला होता, "शाळेत शास्त्र शिकवता ना? मग बुधवारी दुपारी तीन वाजता मांडवीच्या धक्क्यावर भेळ कशी खात होतात?" त्या बुधवारचं खरं कारण मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही.

मामी गेल्यापासून मांडवीतल्या घरात मामा आणि त्यांचा कुत्रा असे दोघेच राहत. गलबताचा म्होरक्या तो तांडेल, म्हणून कुत्र्याचं नावही तांडेल. तांबूस रंगाचा, एक कान कायम पडलेला, गावठी म्हणावा असाच. पण या जगात मामांचा विश्वास होता तो या एका जिवावर. मासळी घेताना ते बांगडा आधी त्याच्या नाकाखाली धरत. त्याने मान फिरवली की सौदा मोडला. कोळीण भडकायची, "माज्या पाटीत कुत्र्याला तोंड घालू द्यायची नाय हां मामा! गिऱ्हाईक तुमी की तो?"

"तो," मामा शांतपणे सांगत. "मी नुसता उचलून नेणारा."

अशा घरात मामांच्या मुलाने परदेशातून कुत्र्याच्या खाण्याची पिशवी आणली. तो बोटीवर नोकरीला होता. आमच्या आळीत पहिला टीव्ही नुकताच आला होता, तेव्हाची ही गोष्ट. कुत्र्याचं जेवण कारखान्यात तयार होतं असं त्या वेळी कोणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्यालाच गुरांच्या डॉक्टरकडे नेलं असतं. सुट्टी संपवून मुलगा बोटीवर परत गेला आणि मामा त्या पिशवीभोवती तीन दिवस फिरत राहिले. चौथ्या दिवशी मला बोलावणं आलं.

"वास मटणाचा आहे," मामा म्हणाले. "हाड कुठाय? ज्या मटणाला हाड नाही, ते कुठल्या जनावराचं, ते सांगा सायन्सवाले."

मी शास्त्राचा मास्तर. प्रथिनं, जीवनसत्त्वं, चुना, सगळं फळ्यावर लिहिल्यासारखं सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि चार दाणे अंगणाच्या दगडी गडग्यावर नेऊन ठेवले. एक कावळा आला, त्याने मान वाकडी करून दाण्यांकडे पाहिलं आणि तो उडून गेला.

"कावळा शिवला नाही," मामा गंभीरपणे म्हणाले.

"मामा, पिंडदान नाही हे!"

"म्हणून तर म्हणतो, होऊ नये."

शेवटी तडजोड झाली. पिशवी मामांच्या घरात राहणार नाही, माझ्याकडे राहील. मी रोज संध्याकाळी वाटीभर दाणे घेऊन यायचं आणि स्वतःच्या हाताने तांडेलला घालायचे. थोडक्यात, जे होईल त्याला जबाबदार मी. मला तर तो सन्मानच वाटला. तांडेलने पहिल्याच दिवशी वाटी चाटून लखलखीत केली. मामांचं तोंड उतरलं. बारा दिवस मी विजयी वीरासारखा मांडवीला जात होतो आणि बारा दिवस मामा दारात उभे राहून तांडेलकडे, घरचा माणूस शत्रूकडे जेवताना बघावा तसे बघत होते.

तेराव्या दिवशी सकाळी निरोप आला. तांडेल पडवीत आडवा पडला होता. रात्रभर त्याला जुलाब झाले होते. डोळे खोल गेलेले, हाक मारली तर नुसतं शेपटीचं टोक हलवत होता. मामा त्याच्या डोक्याशी बसले होते. दाढी वाढलेली. हा माणूस मी रागावलेला, खेकसताना, टोमणे मारताना पाहिला होता, घाबरलेला कधी पाहिला नव्हता.

"डॉक्टर बाराला येतायत," ते म्हणाले. "तोवर कंपनीला पत्र लिहायचंय. माझं इंग्रजी पोत्यांपुरतंच. तुम्ही लिहा."

मी कागद घेतला. मामा सांगू लागले, "लिहा. महाशय, आपण माझ्या कुत्र्यावर विषप्रयोग केला आहे. नमुना सोबत जोडत आहे." कालच्या वाटीत उरलेले दाणे त्यांनी पुरावा म्हणून वर्तमानपत्रात बांधून ठेवले होते. पुडी माझ्यापुढे सरकवत ते म्हणाले, "बघा, कागद कसा तेलकट झालाय. आधीचे दाणे असे नव्हते. आता पिशवीच्या तळाचं विष वर आलंय."

मी पुडी नाकाशी नेली आणि माझ्या हातातलं पेन थांबलं.

तो वास मला पाठ होता. मे महिना. परवाच बायको माहेरी जाताना बजावून गेली होती, "तूरडाळीला एरंडेल लावून ठेवा हं, पावसाळ्यात कीड लागते." काल सकाळी मी डाळीला लावलं. वाटीत तेल उरलं. शेजारी मामांची पिशवी होती, तिच्यात दोन किडे फिरताना दिसले. डाळीसारखंच हेही टिकेल म्हणून मी उरलेलं सगळं तेल, वर बाटलीतलं आणखी थोडं, पिशवीत ओतून दोन्ही हातांनी छान चोळलं होतं. डाळ आपण शिजवण्याआधी धुतो. तांडेलची वाटी मात्र मी तशीच त्याच्यापुढे ठेवली होती. शास्त्राचा मास्तर!

"लिहा ना," मामा म्हणाले. मी "डिअर सर"च्या पुढे जाईना.

तेवढ्यात डॉक्टर स्कूटरवरून उतरले. त्यांनी तांडेलचं पोट दाबलं, हिरड्या पाहिल्या. "काय खाल्लंय?"

"विष," मामा म्हणाले.

"विष असेल तर औषध जालीम द्यावं लागेल. ते सोसायची ताकद याच्यात दिसत नाही. नक्की विषच ना?" डॉक्टरांनी बॅग उघडली.

मला मामांकडे बघवेना. तांडेलच्या पडक्या कानाकडे बघत मी म्हणालो, "विष नाही. एरंडेल आहे. मी लावलंय."

डॉक्टरांनी मला दोनदा सांगायला लावलं. मग बॅग मिटून ते म्हणाले, "मीठ-साखरेचं पाणी पाजा. पेज द्या, पातळ. तीन दिवसांत उठला तर उठला." स्कूटर सुरू होईपर्यंत त्यांनी हसू दाबून धरलं होतं.

मामांनी पुराव्याची पुडी पुन्हा बांधून ठेवली. मग मामा म्हणाले, "पत्रातलं कंपनीचं नाव खोडा."

"तिथे काय लिहू?"

"जावईबापू."

त्यानंतर दोन दिवस मी रोज जात होतो आणि पायरीवर बसून परत येत होतो. मामा मला आत या म्हणत नव्हते, जा असंही म्हणत नव्हते. पेज स्वतः पाजत, पंच्याने तांडेलचं तोंड पुसत, माझ्याकडे पाठ करून. तिसऱ्या संध्याकाळी तांडेलने मान उचलली. मामांनी पेजेची वाटी भरली, थोडा वेळ तशीच हातात धरली आणि माझ्यापुढे केली.

"घाला."

"मी?"

"मग कोण? तो रोज ह्याच वेळेला दाराकडे बघतोय."

मी वाटीत बोटं बुडवून पुढे केली. तांडेलने हुंगलं. खूप वेळ हुंगलं. मग त्याने मामांकडे पाहिलं. मामा मात्र समुद्राकडे तोंड करून उभे होते.

"खा रे," ते म्हणाले. मागे वळूनसुद्धा न बघता.

तांडेल खरखरीत जिभेने माझी बोटं चाटू लागला. वाटी संपली तरी मी हात धुवायला उठलो नाही.