एका हातानं पडलेला ठराव

चतुराबाई पंचायतीत निवडून आली ती राखीव जागेवरून, आणि गावानं तिला येऊ दिलं ते ही बाई गप्प बसेल म्हणून. निरवांगीहून निमगाव केतकीकडं जाताना मध्येच आत वळलं की आसूवाडी लागते. गाव ओढ्याच्या अलीकडं, बौद्ध वस्ती पलीकडं. पहिलं वर्ष ती खरोखरच गप्प राहिली. सभेला जायची, सतरंजीच्या कडेला बसायची, सही करायची आणि चहा न घेता उठायची. आपल्यापुढं येणारा कप वेगळा असतो की काय, हे तिला बघायचंच नव्हतं.

नवरा श्रीपती जाऊन बरीच वर्षं झाली होती. ओढ्याकाठच्या तुकड्यात जोंधळा करत तिनं एकुलत्या समाधानला वाढवलं, त्याचं लग्न केलं. सून तेजश्री कळसची, दहावी पास, हसरी. तिला दिवस गेले तेव्हा चतुराबाईनं तिला खुरपायला जायचं बंद केलं. पण पाणी काही बंद करता येईना.

वस्तीसाठी नळाची योजना मंजूर झाली होती. पाईपसुद्धा येऊन पंचायतीसमोर पडले होते. मग एके दिवशी ते दिसेनासे झाले, आणि सरपंच हिंदुरावांच्या भावाच्या डाळिंबाच्या बागेत नव्या लाईनीतनं पाणी खेळायला लागलं. वस्तीच्या बाया ओढ्यातल्या जुन्या विहिरीवरच राहिल्या. तिच्या पायऱ्या अर्ध्या ढासळलेल्या. दिवाळीनंतर तेजश्री तिथं भरल्या हंड्यासकट घसरली. बैलगाडीतनं रस्त्यापर्यंत, तिथनं जीपनं इंदापूरला नेली. ती वाचली, पोटातलं गेलं.

घरी आणल्यावर तेजश्री रडली नाही. भिंतीकडं तोंड करून पडून होती. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "आत्या, उद्या पाणी कोण आणणार?"

पुढच्या सभेत चतुराबाई उठून उभी राहिली.

"तात्या, ते पाईप वस्तीचे व्हते."

हिंदुरावांनी मान वर न करता विचारलं, "पाईपावर नाव लिवलंय का, चतुराबाई?"

दोघं-तिघं हसले. सभा पुढच्या विषयावर गेली.

तिचा धाकटा भाऊ बुद्धघोष बारामतीत एका हायस्कुलात इतिहास शिकवायचा. रविवारी एस.टी.नं यायचा, काखेत पेपर असायचा. तो डिसेंबर अठ्ठ्याण्णवचा. पेपरात रोज अमेरिका. तिथल्या राष्ट्राध्यक्षावर महाभियोग आणला होता. बहिणीच्या तोंडून पाईपाची हकीकत ऐकून त्यानं पेपरातल्या त्या बातमीवर बोट ठेवलं.

"आक्का, सरपंचाला बी काढता येतंय. अविश्वास ठराव आणायचा. पर नवातले सहा हात पायजेत."

"आन् ह्या पेपरातल्याला? त्याला काढणार हायेत?"

"न्हाय निघायचा. तिथं बी तीनातले दोन वाटे लागतात. आजवर एक बी निघाला न्हाय. एकानं वेळ यायच्या आधीच राजीनामा दिला. एक फकस्त एका मतानं वाचला, त्याला सव्वाशे वर्सं झाली."

"त्यानं काय केलं व्हतं?"

मग बुद्धघोषनं तिला ती जुनी गोष्ट सांगितली. गुलामगिरी मोडली होती. सुटलेल्या काळ्या माणसांतल्या काहींना कसायला जमिनी मिळाल्या होत्या. पेरणी झाली, झोपड्या उभ्या राहिल्या. आणि ह्या राष्ट्राध्यक्षानं जुन्या मालकांना माफी देऊन त्या जमिनी परत त्यांच्याच घशात घातल्या. महाभियोगाच्या कागदावर कारण दुसरंच होतं, एका मंत्र्याला काढल्याचं. पण खरा राग ह्या सगळ्याचा होता. मतं मोजली तेव्हा एक कमी पडलं.

चतुराबाई चुलीपुढं बसून ऐकत होती. भाकरी करपली तरी तिच्या ध्यानात आलं नाही.

"मग त्या लोकांचं काय झालं?"

"कुठल्या?"

"ज्यांच्या जिमिनी गेल्या त्यांचं."

"त्येच मालक, त्येच रान. वाट्यानं राबायला लागले."

त्यानंतर तिच्या डोक्यात ती माणसं शिरली. खुरपताना, शेण काढताना तिला वाटायचं, मोजणी चालली असताना ती कुठं उभी असतील? त्यांना कुणी आत घेतलं असेल का? आपण निदान आत आहोत, आपल्याला एक हात आहे.

पाच हात जुळायला फार त्रास झाला नाही. चार सदस्यांचं हिंदुरावांशी आपापलं जुनं वैर होतं. वस्तीच्या पाण्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं, हे चतुराबाई ओळखून होती. पण हात तो हात. सहावा हात शकुबाईचा. ती जोतीरामाची बायको, उसाच्या रानात वस्ती करून राहणारी, महिलांच्या राखीव जागेवरून निवडून आलेली. तेजश्रीला बैलगाडीतनं नेताना तिनं रस्त्यावर पाहिलं होतं. चतुराबाई तिच्या अंगणात गेली तेव्हा ती बाजेवरनं उठली.

"मी यीन," शकुबाई म्हणाली. "मलाबी लेकी हायेत. त्या पोरीचं त्वांड माझ्या डोळ्यांपुढनं हलंना झालंय."

जोतीराम गोठ्यात वैरण टाकत होता. तो काहीच बोलला नाही. चतुराबाईनं ते पाहिलं, पण तिला आशा इतकी लागली होती की तिनं त्याच्या गप्पपणाचा अर्थ लावला नाही.

इंदापूरला तहसिलात नोटीस दिली. सभेची तारीख लागली. आणि त्या मधल्या दिवसांत जोतीरामाच्या उसापर्यंत आलेली तोडकऱ्यांची टोळी अचानक शेजारच्या शिवारात गेली. टोळी कुणाच्या रानात आधी उतरवायची, ते त्या भागात हिंदुरावांच्या शब्दावर चालायचं. जोतीरामाच्या उसाला तुरे आले होते, तोड लांबली तर वजन घटणार होतं. चतुराबाईला हे झुंबरनं सांगितलं, ठरावावर सही केलेल्यांपैकी एकानं. ती लगबगीनं शकुबाईकडं गेली. दाराला कडी होती. बाजूच्या बाईनं सांगितलं, माहेरी गेलीय.

सभेच्या दिवशी मात्र शकुबाई आली. हिरवं लुगडं, डोक्यावरनं पदर. ती चतुराबाईच्या शेजारी न बसता भिंतीला टेकली. तहसीलदार साहेबांनी ठराव वाचला. हिंदुराव पानाचा देठ खुडत बसले होते.

"ठरावाच्या बाजूनं असणाऱ्यांनी हात वर करावा."

चतुराबाईनं हात वर केला. चौघांनी केला. शकुबाईचे दोन्ही हात पदराखाली होते. पदर हलला. चतुराबाईला वाटलं, आला, आता आला. साहेब थांबले, "अजून कुणी?" असं विचारून त्यांनी सगळीकडं नजर फिरवली. शकुबाई जमिनीकडं बघत होती आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावरनं टिपूस खाली पडत होतं.

"शकुबाई, अजून धा जणींनी त्या पायऱ्या उतरायच्या?" चतुराबाई म्हणाली. तिला वाटलं आपण ओरडलो, पण आवाज जेमतेम फुटला होता. साहेबांनी तिला गप्प राहायला सांगितलं. ठराव पडला. आता वर्षभर नवा आणता येणार नव्हता.

बाहेर हलगी वाजली, गुलाल उडाला. थोडा तिच्या पांढऱ्या पातळावर पडला. ती तशीच ओढा ओलांडून घरी गेली.

त्याच आठवड्यात अमेरिकेतलाही निकाल लागला. बुद्धघोष रविवारी आला. "आक्का, त्यो बी सुटला," तो म्हणाला. बहिणीचं दुःख हलकं करावं, असं त्याच्या मनात असावं. "दोन तृतीयांशाच्या जवळपास बी गेले न्हाईत. एवढ्या मोठ्या देशात जमलं न्हाय, मग आपण..."

"ह्याच्या पायी तिथं कुणाचं पाणी तुटलं का?"

"न्हाय. भानगड येगळी व्हती. खोटं बोलल्याची."

"मग मला त्याचं नगं सांगू," ती म्हणाली. "त्या जिमिनी गेलेल्यांचं आसंल काय तर सांग. दुसऱ्या खेपेला त्यांनी काय केलं?"

बुद्धघोषनं पेपराची घडी घातली. दुसरी खेप झालीच नाही, हे सांगायचं त्याच्या जिवावर आलं.

उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला. टँकर यायचा तो गावातच रिकामा व्हायचा. वस्तीकडं यायला ओढ्याचा रस्ता खराब आहे, असं उत्तर मिळायचं. तेजश्री हंड्याला हात लावेना. समाधाननं बारामतीत एमआयडीसीत काम धरलं आणि बायकोला घेऊन गेला. तिथं खोलीत नळ होता. जाताना तो म्हणाला, "आई, तू बी चल. हितं काय राह्यलंय?"

"मी गेले तर माझी जागा मोकळी हुईल," ती म्हणाली. "ती भरायला तात्या कुणाला आणतील, म्हाईत हाय मला."

लेकाला ते पटलं नाही.

मे महिन्यात शकुबाई एकटीच वस्तीच्या बांधापाशी आली. तिचा ऊस अखेर गेला होता, पण सगळ्यांच्या शेवटी, वाळून निम्मा होऊन. टोळी लगेच पाठवायचा शब्द हिंदुरावांनी दिला होता आणि पाळला नव्हता.

"मी काय बोलू तुमच्यापुढं," शकुबाई म्हणाली.

शिव्या द्यायच्या तर चतुराबाईच्या तोंडात ओलही नव्हती.

"आमच्या हिरीला पाणी हाय थोडं. मालकास्नी म्या सांगितलंय. तुमी या, वस्तीतल्या बाया बी येऊ द्या."

त्या विहिरीवर वस्तीतल्या कुणी आजवर पाय ठेवला नव्हता. ह्या बाईच्या विहिरीचं पाणी प्यायचं? चतुराबाईनं मागं पाहिलं. शेजारची सरुबाई नातीला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी होती, पोरीचे ओठ फुटले होते.

"मोटर किती वाजता चालू करता?" चतुराबाईनं विचारलं.

"लाइट आली की."

तिनं घरात जाऊन दोन्ही घागरी घेतल्या, आणि सरुबाईला हाक मारून ती शकुबाईच्या मागनं उसाच्या पुन्हा फुटलेल्या खोडव्यातनं चालायला लागली.